सीच्या वरची अक्षरं

दर्यापूर
२० मे २०२५

प्रिय जुई,

फोन करणार होती, पण तोंड नाही. तुहा आवाज ऐकला का मले रडू येते, अन् मामंजी समोरच खाटेवर बसून असतात. म्हणून लिहून राहिली. हॉस्टेलात असतांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहायचो आपण, तसं.

पहिले माफी मागते. त्या दिवशी तुह्या बैठकीत मी प्रणालीले जे बोलली ते दुसऱ्याच्या घरात बोलायचं नव्हतं. "दोन वर्षं मावशीच्या घरचं खाल्लं अन् सी आणला?" असं म्हटलं मी. तू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तुहा गौरांग उठून आत गेला. तुले किती वाईट वाटलं असन ते मले एसटीत बसल्यावर समजलं.

तुले माहीत आहे, ह्या घरातून पोरीले अकोल्याले पाठवायले मी कशी भांडली. मामंजी म्हणत होते, दर्यापुरात शाळा काय मेल्या का? आमचे गोपालराव दोन्हीकडून गप्प. मी म्हटलं, जुई त्या शाळेत परीक्षांचं सगळं पाहते, शाळा नवी आहे, तिकडचं, विलायतेचं बोर्ड आहे, आपली प्रणाली गणितात हुशार आहे, तिचं सोनं होईन. तूच तर म्हटलं होतं, "पुनी, माझ्याकडे दे तिला, गौरांगसोबत वाढेल." पोट्टी तुह्या घरी राहिली, तुह्या हातचं जेवली. अन् निकाल लागला तर गणितात सी, फिजिक्समध्ये सी. गौरांगले गणितात ए.

मामंजी एकच वाक्य बोलले, "झालं समाधान?"

तिची पुस्तकं मी बांधून माळ्यावर टाकली. तवापासून तिचं एवढंच. जेवते, भांडी घासते, निजते. तुले फोन कर म्हटलं तर मान हलवते, करत नाही. तिच्याकडून मीच माफी मागते. तू तिच्यासाठी जे केलं ते सख्ख्या बहिणीनं केलं नसतं.

तुही,
पुनी


अकोला
२७ मे २०२५

प्रिय पुनी,

तुझं पत्र वाचून मीच रडले. किती वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, उजवीकडे पळणारं.

माफी कसली मागतेस? प्रणाली मला परकी आहे का? तिच्यावर रागावू नकोस. सी म्हणजे नापास नाही गं, चांगला पास आहे. सगळ्या मुलांना ए मिळत नाही आणि मिळायला हवा असंही नाही. प्रत्येकाचा वकूब असतो. आपण आया उगीच मुलांकडून स्वतःची स्वप्नं पुरी करून घ्यायला बघतो.

माझं ऐकशील तर तिला आता सायन्सचा आग्रह धरू नकोस. भाषा बरी आहे तिची, स्वभाव गोड आहे. आर्ट्स घेऊ दे, पुढे डी.एड., बी.एड. काहीतरी होईल. गणिताचं ओझं उतरलं की बघ कशी फुलेल.

शाळेत सगळे खूश आहेत. आमची पहिलीच तुकडी, आणि एकही मूल ग्रेडशिवाय राहिलं नाही. मॅनेजमेंटने पेपरात जाहिरात दिली, तू पाहिली असशील. गौरांग पुढे इथेच ए लेव्हल करतोय.

उन्हाळा फार आहे. प्रणालीला उन्हात फिरू देऊ नकोस, तिचा घोळणा फुटतो.

तुझी,
जुई


दर्यापूर
१२ जून २०२५

प्रिय जुई,

तुह्या पत्रानं धीर आला. पण तू म्हटलं तसं सोपं नाही झालं.

प्रणालीले घेऊन कॉलेजात गेली होती. अकरावीचं यंदा सगळं ऑनलाइन. तिथल्या बाबूंनी तिचा निकाल उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. म्हणे, "बाई, याच्यात टक्के कुठं आहेत?"

मी म्हटलं, टक्के नसतात, अक्षरं असतात.

"मंग मी अक्षरावर ॲडमिशन कशी देऊ? मराठी शाळेत बालवाडीले पाठवून राहिले का?"

मागं लाइनीत उभे होते ते सगळे हसले. प्रणाली बाहेर जाऊन निंबाखाली उभी राहिली. मंग त्यांनीच कोणाले तरी फोन लावून विचारलं अन् सांगितलं का ह्या बोर्डाचा निकाल आपल्या दहावीच्या बरोबरीचा आहे असा दाखला आणा, मंग अक्षराचे टक्के धरू. सीचे जे टक्के ते तोंडी बोलले ते ऐकून मी खालीच पाहिलं. आमच्या गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्यांपेक्षा कमी.

जुई, मले एकदा नीट समजावून सांग. मी बी.ए. झालेली बाई, पण दोन वर्षांत पोट्टी हे काय शिकून राहिली ते मले कधी समजलंच नाही. तू सांगायची, मी हो म्हणायची. हे आयजीसीएसई म्हणजे दहावीच ना? सी म्हणजे किती? सीच्या वर बी, ए, अन् त्याच्याही वर तारा लावलेला ए, असं गौरांग बोलला होता. मंग आपली पोट्टी त्या शिडीवर कुठं अटकली? कोणत्या प्रश्नात गेली? ते पाहायले मिळते का?

अन् एक सांगते. ती गणिताले हात लावून नाही राहिली. परवा दुकानाचा हिशेब करायले गोपालरावांनी बसवलं, तर म्हणे, "बाबा, मले नाही येत." तिले नाही येत! चौथीत होती तवा मामंजींच्या सरकीच्या वजनातली चूक काढली होती तिनं, ते अजून गावभर सांगतात. पहिले मले राग होता, आता भेव वाटून राहिलं.

तुही,
पुनी


अकोला
२० जून २०२५

प्रिय पुनी,

सावकाश वाच, सगळं लिहिते.

आयजीसीएसई म्हणजे आपली दहावी. विषयागणिक परीक्षा असते, म्हणून एकूण टक्के नसतात, प्रत्येक विषयाचं वेगळं अक्षर येतं. तारांकित ए सगळ्यात वर, मग ए, बी, सी, आणि खाली जी पर्यंत. सी आणि त्याच्या वरचं ते चांगलं समजतात. त्यापुढे दोन वर्षं ए लेव्हल, म्हणजे आपली बारावी. एएस म्हणजे ए लेव्हलचा अर्धा रस्ता, तिथे थांबून बारावी झाली असं म्हणता येत नाही, हा घोळ खूप पालक करतात.

दाखला दिल्लीहून मिळतो, भारतीय विद्यापीठांच्या महासंघाकडून. ऑनलाइन अर्ज कर, निकालाची प्रत आणि शाळेचा दाखला जोड. शाळेचा दाखला मी कुरिअरने पाठवते. पाच विषयांत सी किंवा वर आहे, तेव्हा काही अडणार नाही.

कोणत्या प्रश्नात मार्क गेले हे शोधण्यात अर्थ नाही गं. तपासणी तिकडे होते. निकाल लागला, आता पुढे बघायचं. मुलीसमोर तोच विषय काढत राहिलीस तर ती आणखी मिटून जाईल. डोक्यातून काढ.

गौरांग तिची आठवण काढतो.

तुझी,
जुई


दर्यापूर
६ जुलै २०२५

जुई,

काल प्रणालीले घेऊन अमरावतीले गेली होती, हरिहर सरांकडे. आपल्याले अकरावीत गणित शिकवलं ते हरिहर पाठक सर. आता थकले, पण आवाज तोच. मी गेली होती पोट्टीच्या मनातलं भेव काढायले. सरांनी दोन शब्द सांगितले तर ऐकन, एवढंच.

सरांनी तिले काही उपदेश नाही केला. पाटावर बसवलं अन् एक गणित दिलं. ती म्हणे, येत नाही. सर म्हणे, "येत नाही तर नको करू, फक्त वाचून दाखव." तिनं वाचलं. वाचता वाचता हात चालायले लागला. मंग दुसरं दिलं, तिसरं दिलं. मी सैपाकघरात काकूंशी बोलत होती. सरांनी हाक मारली.

"पौर्णिमा, ह्या मुलीला सी कोणी दिला?"

मी म्हटलं, बोर्डानं.

त्यांनी प्रणालीले विचारलं, परीक्षेत पेपर कोणते होते, पेपरावर आकडा काय होता. ती म्हणे, एक अन् तीन. सरांनी नातवाचा कॉम्प्युटर लावला, बोर्डाच्या साइटवर अभ्यासक्रम काढला, चष्मा वर-खाली करून वाचत राहिले. मंग मले जवळ बसवून सांगितलं.

ह्या परीक्षेत गणिताचे दोन रस्ते असतात. एक कोअर, सोपा. त्याचे पेपर एक अन् तीन. दुसरा एक्स्टेंडेड, मोठा. त्याचे पेपर दोन अन् चार. मोठ्या रस्त्यावर वरपर्यंतची सगळी अक्षरं आहेत. सोप्या रस्त्यावर सर्वांत वरचं अक्षर सी. पैकीच्या पैकी मार्क आणले तरी सी. सर म्हणाले, "हिनं जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं सगळं आणलं आहे. हिला त्याच्या वर जायला जागाच ठेवलेली नव्हती." फिजिक्सचंही तसंच.

कोणत्या लेकराले कोणत्या रस्त्यावर टाकायचं हे शाळा ठरवते, हेही सरांनी सांगितलं. शाळेत परीक्षांची नावं पाठवायचं काम कोणाचं आहे, हे मले कोणी सांगायची गरज नव्हती.

मी तुले विचारलं होतं, पोट्टी शिडीवर कुठं अटकली? तू मले ए पासून जी पर्यंत सगळी शिडी लिहून पाठवली. फक्त एवढं नाही लिहिलं का वरच्या पायऱ्या तिच्यापुरत्या काढून घेतल्या होत्या. मी तिले तुह्या बैठकीत बोलत होती तवा तू ट्रे घेऊन उभी होती, जुई. तुह्या तोंडून एक शब्द नाही निघाला का पुनी, थांब, हा तिचा दोष नाही.

मी प्रणालीले विचारलं, गौरांगले कोणता पेपर होता? तिनं मान खाली घातली. बिचारीले मैत्रीचा मान राखायचा असन. तू सांग. गौरांगले कोणता पेपर होता?

पौर्णिमा


अकोला
१३ जुलै २०२५

प्रिय पुनी,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाचशील एवढी तरी आपली मैत्री आहे असं समजते.

गौरांगला एक्स्टेंडेड होता. हो. बारा-तेरा मुलांना एक्स्टेंडेड होता आणि चौघांना कोअर. तो निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. मीटिंगमध्ये झाला. मोठ्या पेपरात मूल फार खाली गेलं तर ग्रेडच मिळत नाही, निकालात नुसतं रिकामं. पहिल्या तुकडीत एकही रिकामं नको, अशी मॅनेजमेंटची सक्त ताकीद होती. जी मुलं मराठी माध्यमातून उशिरा आली, इंग्रजीतली मोठी उदाहरणं वाचताना अडखळत होती, त्यांना सुरक्षित ठेवलं. प्रणालीच्या भल्यासाठीच होतं ते. तिला काहीच मिळालं नसतं तर आज तू मला काय म्हणाली असतीस?

आणि एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. प्रणालीला हे माहीत होतं. जानेवारीत तिला सांगूनच नाव पाठवलं. ती हो म्हणाली. तिनं तुला सांगितलं नाही, यात माझा काय दोष? त्या दिवशी मी बोलले असते तर मुलगी आईसमोर खोटी पडली असती. तिच्यासाठी गप्प राहिले.

झालं ते झालं. यातून मार्ग आहे. नोव्हेंबरला पुन्हा परीक्षा असते. गणित आणि फिजिक्सला तिचं नाव मी एक्स्टेंडेडमधून पाठवते, शाळेतूनच, सेंटर हेच. तयारी गौरांगच्या ट्यूशनवाल्या सरांकडून करून घेऊ. फक्त एक कर. बाकीच्या तिघांच्या घरी काही बोलू नकोस. अकोटचा शुभम आणि त्या दोघी. सगळे एकदम आले तर मॅनेजमेंट माझ्यावर ढकलेल, आणि मग मला प्रणालीसाठीही काही करता येणार नाही. तू समजूतदार आहेस.

तुझीच,
जुई


दर्यापूर
२२ जुलै २०२५

प्रिय मावशी,

सा. न.

आईनं तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "तुले माहीत होतं?" मी हो म्हटलं. आई रागावली नाही. उठली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. रात्री ती जेवली नाही. बाबा म्हणाले, काय असन ते एकदाचं सांगून टाक. मग मी सगळं सांगितलं. तेच तुम्हाले लिहून राहिली, कारण तुम्ही अर्धंच लिहिलं आहे.

जानेवारीत शाळेत नावं वाचली तेव्हा मी घरी येऊन तुम्हाले विचारलं होतं का मले गौरांगचा पेपर काहून नाही. तुम्ही माह्या केसाले तेल लावून देत होत्या. तुम्ही म्हणाल्या, "अगं, तुझा पेपर सोपा आहे, त्यात तुला भरपूर मार्क पडतील, ए कुठे गेला नाही. आईला सांगू नकोस हं, तिला वाटेल आपली मुलगी कच्ची आहे, ती उगीच खचेल."

मी हो म्हटलं, ते याले म्हटलं. ह्या पेपराले ए नसतोच, हे तुम्ही मले सांगितलं नाही.

मी किती अभ्यास केला तुम्ही पाहिलं आहे. पेपर देऊन आली तेव्हा तुम्हीच विचारलं, कसा गेला? मी म्हटलं, एकही सुटला नाही. तुम्ही माझी पाठ थोपटली. तेव्हा तुम्हाले माहीत होतं मले काय मिळणार.

निकालात सी पाहिला तर मले वाटलं, मी सोप्या पेपरातही नापासासारखीच झाली. आई बोलत होती ते मले खरंच वाटत होतं. मी तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही ट्रे खाली ठेवला अन् कप लावायले लागल्या. मले वाटलं, मावशीलेही माझी लाज वाटून राहिली. म्हणून मी तुम्हाले फोन नाही केला. दोन महिने मी तुमची माफी कशी मागू याचा विचार करत होती.

अजून एक. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून कोअर दिला, असं तुम्ही लिहिलं. डिसेंबरच्या सराव परीक्षेत गणितात गौरांगले माझ्यापेक्षा कमी होते. तुम्हीच जेवतांनी वाचून दाखवले होते अन् त्याले म्हटलं होतं, प्रणालीकडून शीक. मग त्याले ट्यूशन लावली. मले वाटलं, मले गरज नाही म्हणून नाही लावली.

गौरांगवर माझा राग नाही. त्याले कदाचित माहीतही नसन. त्याले सांगू नका.

शुभमच्या घरी सांगू नका म्हणता. शुभमची आई त्याले आता कपाशीच्या जिनिंगवर कामाले लावणार आहे, का तर पोरगं अभ्यासात नाही म्हणून. त्यानं मले फोनवर सांगितलं. तो रडत होता. मी गप्प राहून काय झालं ते मी पाहिलं आहे.

तुमच्या घरी मले कधी परकं वाटलं नाही. म्हणून तर मी तुमचं ऐकलं.

तुमची,
प्रणाली


दर्यापूर
१० ऑगस्ट २०२५

सौ. जुईली धर्माधिकारी यांस,

पोरीच्या पत्राले तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही असं मले वाटलंच होतं.

तुमची अट मी मोडली. गोपालराव अन् मी अकोटले जाऊन आलो, शुभमच्या घरी. त्याच्या आईनं दारातच विचारलं, "शाळेतून आल्या का? आता काय राहिलं सांगायचं?" मी बसून सगळं सांगितलं. ती बाई उठली. मंग आत गेली, शुभमले हाताले धरून घेऊन आली अन् आमच्यासमोर त्याले म्हणे, "माह्याकडून चूक झाली बापा." मले तेवढं जमलं नव्हतं. घरी येऊन मी प्रणालीले जवळ घेतलं. ती म्हणे, "आई, माळ्यावरची पुस्तकं काढून दे." मामंजी शिडी धरून उभे राहिले. त्यांचंही तोंड उतरलेलं होतं.

बाकीच्या दोघींच्याही घरी कळवलं. हरिहर सरांनी नागपुरात ओळख काढली. तिथल्या एका शाळेनं चौघांनाही बाहेरून बसायची परवानगी दिली आहे, एक्स्टेंडेडमधून. सर तब्येत सांभाळून शिकवणार आहेत. प्रणालीले इथल्याच कॉलेजात सायन्सले जागा मिळाली, जागा रिकाम्या होत्या म्हणून.

चौघांचे आईबाप मिळून पुढच्या सोमवारी तुमच्या शाळेत येऊन राहिलो. आम्ही भांडायले येत नाही. मीटिंगमध्ये काय ठरलं अन् कोणी ठरवलं हे विचारायले येतो. ज्याचं लेकरू त्याले न सांगता त्याची पायरी कशी ठरवता, हे विचारायले येतो. तुम्ही असाल तर बरं. नसाल तरी विचारूच.

पौर्णिमा गावंडे


अकोला
३ ऑक्टोबर २०२५

पौर्णिमा,

तुझ्या मनासारखं झालं. परीक्षांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ज्या मॅनेजमेंटनं सांगितलं म्हणून मी केलं, त्यांनी तुम्हा सगळ्यांसमोर हात वर केले, तू पाहिलंसच. "मॅडमनी परस्पर ठरवलं," म्हणाले. मी तुझ्याकडे पाहत होते. तुला माहीत होतं की मी परस्पर ठरवलं नाही. मी लिहिलं होतं तुला. तू एक शब्द बोलली नाहीस.

तुझ्यावर विश्वास ठेवून लिहिलेलं पत्र तू बाकीच्या पालकांना वाचून दाखवलंस. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत मी असं कधी केलं नसतं.

तुझ्या मुलीला मी दोन वर्षं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. तापात तिच्या उशाशी बसले. ते सगळं एका पेपरात वाहून गेलं. आणि तू आई आहेस म्हणून विचारते, खरं सांग. दोन मुलं समोर आहेत, काठावरच्यांपैकी एकाच्याच बाबतीत धोका घ्या म्हणून मॅनेजमेंट डोक्यावर बसली आहे. तू कोणासाठी घेतला असतास? प्रणालीसाठी की गौरांगसाठी?

गौरांगला सगळं कळलं. शाळेत कळणारच होतं. तो माझ्याशी नीट बोलत नाही. ट्यूशन सोडली.

यावर तू काही लिहावंस अशी अपेक्षा नाही.

जुईली


दर्यापूर
१८ जानेवारी २०२६

जुईली,

तुह्या पत्राले उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. प्रणाली म्हणे, मावशीले निकाल कळव. मी म्हटलं, तू कळव. ती म्हणे, "तिनं तुले विचारलं आहे, मले नाही."

तर पहिले तू जे विचारलं त्याचं सांगते. मी माह्या लेकरासाठी धोका घेतला असता. कोणतीही माय घेईन. त्याचा मले राग नाही. पण मी तुह्या दारात येऊन सांगितलं असतं का जुई, एकच जागा आहे, ती मी माह्या पोरीले दिली, तू तुह्या गौरांगचं पाहा. तू शिव्या दिल्या असत्या. मी खाल्ल्या असत्या. अन् तू लेकरू उचलून दुसरीकडे नेलं असतं, वेळ होती तवा. तू तेवढी वेळ माह्यापासून चोरली अन् त्याच्यावर माह्याच पोरीले पहारा करायले बसवलं.

शाळेत मी तुह्यासाठी बोलली नाही, हे खरं. तुहं पत्र बाकीच्या आईबापांना वाचून दाखवलं, हेही खरं. शाळेत तोंड उघडणार होती. तुह्याकडे पाहिलं, अन् तू ट्रे घेऊन उभी होती ती बैठक डोळ्यापुढे आली, मंग नाही उघडलं. हे चांगलं केलं असं मी म्हणत नाही. तुले जे वाटलं असन ते माह्या पोरीले मे महिन्यापासून ठाऊक आहे.

आता निकाल. गणितात प्रणालीले बी आला. फिजिक्समध्ये पुन्हा सीच. मोठ्या पेपरातला सी. निकाल पाहून ती हसायले लागली. मले समजेना. म्हणे, "आई, हा माहा आहे. मले फिजिक्स येतच नाही एवढं!" पोट्टी किती महिन्यांनी हसली. मामंजींनी दुकानातून पेढे आणले, बी म्हणजे काय हे न विचारता. शुभमले दोन्हीत बी. त्या दोघींपैकी एकीले ए, अन् दुसरीले मोठ्या पेपरात ग्रेडच नाही मिळाली. तू म्हणत होती ते तिच्याबाबत खरं ठरलं. तिच्या घरी गेली होती मी. तिची आई म्हणे, "हरली पोरगी, पण तिले विचारून हरली."

गौरांग येऊन गेला, तुले सांगितलं का नाही माहीत नाही. अकोल्याहून एसटीनं एकटा आला, दिवसभर अंगणात प्रणालीशी बोलत बसला. मी जेवू घातलं. त्यानं तुहं नाव काढलं नाही, मीही नाही. जातांनी पाया पडला. त्याच्याशी बोल. तो बोलन.

हे सगळं प्रणालीनं सांगितलं म्हणून लिहिलं. मी सोताहून नसतं लिहिलं.

पौर्णिमा